खोटा हीटर

"गेला! पुन्हा गेला!" आबा ओरडले, आणि आत्ता कुठे ऊब धरू लागलेले पाय आक्कांनी परत शालीत ओढून घेतले.

हीटर नवा कोरा होता. आबांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आक्कांना, थंडी सोसत नाही, म्हणून त्या यायच्या आदल्याच दिवशी आणलेला. पुढच्या खोलीत, लाकडी फळ्यांच्या जमिनीवर, आक्कांच्या आरामखुर्चीशेजारी तो उभा केला होता. लाल दिवा लागायचा, हीटर घुरघुरायचा, खोली जरा माणसात यायची, आणि कुणी हात लावलेला नसताना 'टक्' करून गप्प. बटण दाबलं की पुन्हा चालू, जणू काही घडलंच नाही.

आबांना खरी चीड या 'घडलंच नाही'ची होती.

"वस्तू बिघडली तर मी समजू शकतो," ते म्हणाले. "पण ही मधेच दगा देते आणि नंतर साळसूदपणे चालते. ही वस्तू नाही, हा व्यापारी आहे!"

व्यापाऱ्यांबद्दल बोलायचा आबांना अधिकार होता. सगळी नोकरी त्यांनी वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून काढली. ते बाजारात शिरले की तराजू आपोआप सरळ होतात, असं लोक म्हणायचे. पारड्याखाली चिकटवलेलं मेण त्यांनी नखाने खरवडून काढलं होतं, आतून पोखरलेली वजनं भर रस्त्यात फोडून दाखवली होती. घरातला वजनकाटाही त्यांच्या तडाख्यातून सुटला नव्हता. गुडघ्यांसाठी वजन उतरवा, असं डॉक्टरांनी बजावल्यावर आबा रोज सकाळी फिरायला जाऊ लागले. महिन्याने काट्यावर उभे राहिले, तर काटा उतरायच्या ऐवजी चढलेला. आबांनी त्याला तिथल्या तिथे खोटा ठरवला, सुतळीने बांधला, वर लाखेचा ठसा मारला आणि माळ्यावर टाकला.

आता, बाग जिना उतरल्यावर उजवीकडे होती आणि बेकरी डावीकडे. आबा डावीकडून बागेत जात. तो रस्ता लांबचा पडतो, म्हणजे व्यायाम जास्त होतो, असा त्यांचा हिशेब होता. बागेपर्यंत पोचायला वेळ उरत नसे, ही गोष्ट वेगळी. परत येताना कोटाच्या आतल्या खिशात एक गुलाबी खोकं असे. ते चपलांच्या कपाटात, पावसाळी बुटाच्या पोटात सुखरूप राही.

घरात मात्र त्यांच्या ताटात उकडलेल्या भाज्या पडत. एकट्या माणसाला अळणी घास उतरत नाही, म्हणून त्यांच्या पत्नी, माई, स्वतःही तेच खात. माई देवभोळ्या आणि अबोल. त्यांचे बरेच नेम होते, पण घराला ठाऊक होता तो एकच. दुपारचे बारा वाजेपर्यंत कुणाला टोचून बोलायचं नाही. बारानंतर मात्र सकाळभरचं साठलेलं एकदम बाहेर येई, त्यामुळे पावणेबाराच्या सुमाराला घरातल्या प्रत्येकाला बाहेरचं काही ना काही काम निघत असे.

आबांनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फारच गोड बोलत होती, आणि तिथेच त्यांचं डोकं फिरलं.

"सर, प्लग काढून पुन्हा लावून पाहिला का?"

"लावला."

"खोलीत हवा खेळती आहे का, सर?"

"हवा खेळतेय, म्हणूनच हीटर आणलाय ना बाई!"

"आणि हीटर कुठे ठेवलाय, सर?"

"जमिनीवर! का? छताला टांगायचा होता?"

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. उदबत्तीच्या काडीसारखा पोरगेला माणूस. आबा हाताची घडी घालून समोरच्या खुर्चीत बसले, पंचनाम्याला बसावं तसे. मेकॅनिकने हीटर उलटा केला, खालचं बटण दाखवलं. "हे बटण जमिनीवर दाबलेलं राहतं, तोवर हीटर चालू. जरा कलंडला की बटण सुटतं आणि हीटर बंद. आग लागू नये म्हणून असतं हे." मग त्याने हीटर लावला, भोवतीने चार फेऱ्या मारल्या, माईंनी दिलेला चहा सावकाश प्यायला. हीटर अखंड चालला.

"काही बिघाड नाही," असं सांगून मेकॅनिक निघाला. दार लावायला आबा उठले, दोन पावलं टाकली, आणि टक्.

"थांब! ए, थांब!" आबांनी त्याला जिन्यातून परत बोलावलं. तो आला. आबा पुन्हा घडी घालून बसले. हीटर चालू.

"आजोबा, तो मला घाबरत असेल," मेकॅनिक म्हणाला आणि या वेळी दोन-दोन पायऱ्या उतरत पसार झाला.

"बाळ्या, तुझ्या संतापानेच बंद पडत असेल तो," आक्का खुर्चीतून म्हणाल्या. सगळ्या बाजाराला कापरं भरवणाऱ्या माणसाला बाळ्या म्हणणारी जगात ही एकच बाई उरली होती. आईमागे तिनेच आबांना वाढवलं होतं आणि ते वाढवणं संपलं आहे, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. "पण काय रे, ब्याऐंशी किलोवर आलो म्हणून फोनवर सांगत होतास. दिसत तर नाही."

"हाडं जड आहेत माझी."

"हाडं मी पाहिलीत तुझी. चांगली काडीसारखी होती."

आबांनी तो विषय तिथेच थांबवला आणि खात्याच्या पद्धतीने तपासणी सुरू केली. मुलाला, सुनेला, माईंना ओळीने उभं केलं. "एकेकाने हीटरसमोरून दारापर्यंत जायचं. घाई नाही, हसणं नाही. गुन्हेगार आत्ता सापडतो!"

माई गेल्या. हीटर चालू. सून गेली. चालू. मुलगा मुद्दाम पाय आपटत गेला. चालू. आक्कासुद्धा काठी टेकत जाऊन आल्या. चालू. मग आबा निघाले, आणि तिसऱ्या पावलाला टक्.

"योगायोग," आबा म्हणाले आणि परत चालले. टक्. चवड्यांवर चालले. टक्. तेव्हा ते गुडघे करकरवत खाली बसले, फळीवर गाल टेकवून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. चोरी पकडल्याचा तो जुना आनंद होता.

"सापडलं! हीटर निर्दोष आहे. ही फळी दाराशी सैल झालीये. तिच्यावर पाय पडला की ती दबते, हीटर कलतो, बटण सुटतं. बघा, एवढं शिकून त्या मेकॅनिकला कळलं नाही!"

"वा," आक्का म्हणाल्या. "मग आमच्या पायाखाली का नाही दबली?"

आबांनी गालाला लागलेली धूळ पुसली.

"प्रमाण पाहिजे," आबा जरा खालच्या आवाजात म्हणाले. "पुराव्याशिवाय आरोप मी आयुष्यात केला नाही आणि ऐकून घेणार नाही."

पुरावा सुनेने आणला. नवऱ्याच्या हातात तिने दहा किलो तांदळाची पिशवी दिली. "यांचं वजन चौऱ्याहत्तर. परवाच कचेरीत तपासणी झालीये. म्हणजे चौऱ्याऐंशी झाले. चला हो." तो चालला. हीटर चालू. तिने वर पाच किलो बटाटे दिले. चालू. आणखी पाच किलो कांदे दिले, आणि टक्.

कांदे घेऊन उभ्या राहिलेल्या मुलाने बापाकडे पाहिलं आणि लगेच छताकडे पाहिलं. सून पदराने तोंड पुसायला लागली. माईंनी घड्याळाकडे पाहिलं. अजून बारा वाजले नव्हते.

"म्हणजे हा हीटर नव्हे, काटा आहे," आक्का म्हणाल्या. "आणि तू नव्वदीच्या वर आहेस."

"हा अन्याय आहे!" आबा लालबुंद झाले. "ठसा नाही, तपासणी नाही, खोली गरम करायच्या यंत्रावर माणसाची इज्जत तोलायची? ही काय रीत झाली? मी तीन महिने गवत खातोय आणि वर हे ऐकून घेऊ?"

"असं म्हणतोस? मग ऐक. रविवारी मी निघणार. निघायच्या आधी तू इथून दारापर्यंत चालून दाखव. हीटर चालू राहिला तर तू खरा, भर खोलीत तुझी माफी मागेन. बंद पडला तर पिशवी भरायची आणि दोन महिने माझ्याकडे राहायला यायचं. मी करते तुझं वजन कमी."

आक्कांकडे पहाटे थंड पाण्याची अंघोळ होती, जेवणात मीठ नव्हतं, रात्रीचं जेवणच नव्हतं. आणि त्यांच्या गावात बेकरी नव्हती. ते आबांनी मागेच पाहून ठेवलं होतं.

"इतक्या लवकर काय होणार आहे?" ते पुटपुटले.

"व्हायला कशाला हवंय काही? तू ब्याऐंशीच आहेस ना?"

आक्कांनी खडू मागवून हीटरभोवती जमिनीवर रेघ ओढली. "सरकवायचा नाही. तूच शिकवलंयस, बाजारातल्या गोष्टी सांगून."

त्यानंतरचे दिवस आबांनी तोंड शिवल्यासारखे काढले. बेकरीकडे फिरकले नाहीत. रोज खोली रिकामी दिसली की हळूच चालून पाहायचे. टक्. एकदा त्यांच्या मनात आलं, फळीखाली नुसता कागदाचा बोळा सारला तरी... आणि आपल्याच विचाराने ते शहारले. ज्यांच्या पारड्याखालचं मेण जन्मभर खरवडलं, त्यांच्या रांगेत जाऊन उभं राहायचं? त्यापेक्षा थंड पाण्याची अंघोळ बरी. शनिवारी त्यांनी स्वतःच माईंना सांगितलं, "पिशवी भरून ठेव. लोकरीचे मोजे टाक."

माईंनी पिशवी भरली. दोन महिन्यांचे कपडे काढताना त्या मधेच थांबल्या, रिकाम्या झालेल्या खणाकडे पाहत राहिल्या, मग मुकाट्याने मोजे टाकले. ताटावर दोघं असली तर उकडलेली भाजी निदान भाजी तरी वाटते, एवढंच त्या सुनेला म्हणाल्या.

रविवारी सकाळी दाराशी दोन पिशव्या होत्या, एक आक्कांची आणि एक आबांची. मुलगा आत्याला गाडीवर बसवून द्यायला तयार होऊन उभा होता. आबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, सरळ पुढे पाहिलं आणि चालू लागले. एक पाऊल. दुसरं. तिसऱ्याला त्यांनी डोळे मिटले.

हीटर घुरघुरत राहिला.

"परत चाल," आक्का म्हणाल्या.

आबा परत चालले. मग पाय आपटत चालले. हीटर काही केल्या गप्प होईना. आक्कांनी खाली वाकून खडूची रेघ पाहिली. हीटर तिच्या बरोबर मधे होता.

"चुकले रे बाळ्या," त्या म्हणाल्या. बाई कडक होत्या, पण शब्दाच्या पक्क्या होत्या. "उगाच संशय घेतला. माई, सांभाळलंस हो याला." माईंनी वाकून नमस्कार केला.

आक्का गेल्या आणि आबांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. "माझ्यावर संशय! सख्ख्या बहिणीने, सख्ख्या मुलाने, कांदेबटाटे लावून माझं माप काढलं! आणि सूनबाई, तुम्ही! आता सगळ्यांनी माफी मागा!" सून "मागते हो आबा" म्हणत स्वयंपाकघरात सटकली. आबा विजयाने आणखी एकदा फळीवरून गेले. आणि मग अर्ध्या वाटेत त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला. काल संध्याकाळी हाच हीटर बंद पडला होता. एका रात्रीत एवढं उतरणारं वजन त्यांनी सगळ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

ते गुडघ्यांवर बसले. दाराजवळच्या फळीच्या टोकाखाली फट होती, आणि फटीत काहीतरी घट्ट ठोकून बसवलेलं होतं. आबांनी नखाने त्याची कड ओढली. घडीवर घडी घातलेला पुठ्ठा होता. गुलाबी. त्यावर लोण्याचा डाग होता.

आबांचं नख तिथेच राहिलं.

माई खिडकीपाशी बसून देवाचं निरांजन राखेने घासत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"अगं," आबा तसेच बसून म्हणाले. "हे... तुला... कधीपासून?"

माईंनी निरांजन उजेडात धरलं, एक बोट फिरवून पाहिलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकली.

"बारा वाजायचेत अजून," त्या शांतपणे म्हणाल्या.

आबांनी दाराकडे पाहिलं, स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग ज्या अंगठ्याने हजार काट्यांवर ठसे मारले होते, त्याच अंगठ्याने तो पुठ्ठा फटीत आणखी आत सारला, कड दिसेनाशी होईपर्यंत. भिंतीचा आधार घेत उठले. बूट घातले.

"मी जरा फिरून येतो."

"या."

"बागेतच जातोय."

"हो ना," माई म्हणाल्या. "बाग उजवीकडे आहे."

जिना उतरताना आबांनी ते वाक्य उलटसुलट करून नीट तपासलं. त्यात टोचण्यासारखं काहीही नव्हतं. खाली पोचल्यावर ते उजवीकडे वळले.