बाबा अजून उठला नाही

कुवेतमधील अहमदीच्या त्या बंगलीत शनिवारी सकाळपासून कोणीही मोठ्याने बोलत नव्हते. दारांच्या फटींत कापडाच्या घड्या खोचल्या होत्या, भिंतीवरचे घड्याळ उतरवून उशीखाली ठेवले होते, आणि घरातील माणसे लोकरी मोजे घालून, पाण्याच्या तळाशी चालावे तशी सावकाश वावरत होती. कारण एकच. आतल्या खोलीत पलंगावर, दोन उशांच्या मधोमध, रजईखाली बाबा निजला होता.

बाबा म्हणजे ईस्टरचा पाव. ही मंडळी मूळची युक्रेन देशातील. तिकडे या सणास दूध, लोणी आणि अंड्यांचा उंच पाव भाजतात. त्यास या घरात बाबा म्हणत. त्याचे पीठ फुगत असता कोणी ओरडले किंवा दार आपटले, तर ते खाली बसते, अशी त्यांची पिढीजात श्रद्धा. घरच्या आजीबाई परास्का यांनी देश सुटल्यापासून अठरा वर्षे हा पाव केला नव्हता. युद्ध, निर्वासितांच्या छावण्या, नंतर इंग्लंडमधील मोजून मिळणारे लोणी, यांतच ती वर्षे विरून गेली होती. मुलगा तेल कंपनीच्या नोकरीवर कुवेतला आला आणि १९५८ सालच्या वसंतात आजींनी पुन्हा पीठ भिजवले.

सून ओल्हा हिला त्यांनी शेजारी उभे केले होते. "आज उठला तर हा तुझा," त्या म्हणाल्या होत्या. "बसला, तर माझ्या आईचा बाबा माझ्यापाशीच संपला. मी पुन्हा पिठाला हात लावणार नाही."

आजोबा दानिलो यांची शिंक साऱ्या वसाहतीत प्रसिद्ध होती. सबब त्यांना पहाटेच फिरावयास पिटाळण्यात आले होते.

यातील एकही गोष्ट स्वयंपाकी झहूर यास ठाऊक नव्हती. दापोलीकडचा हा सालस गृहस्थ सकाळच्या बसने बाजारास गेला होता. परतला तो दहाच्या सुमारास. दारातच ओल्हा ओठांवर बोट ठेवून उभी होती. अंडी लाल रंगविण्यासाठी तिने शेरभर कांद्यांची साले काढली होती, त्यामुळे तिचे डोळे पाझरत होते.

"झहूर, चूप," ती मोडक्या हिंदीत कुजबुजली. "बाबा नहीं उठा."

झहूरच्या हातातील पिशवी सैल झाली. घरच्या आजोबांना तो आपल्या गावच्या रीतीने 'बाबा'च म्हणत असे. त्याने फटीतून पाहिले. पलंगावर रजई, तिच्यावर पांढरी चादर, आणि पायथ्याशी हात जोडून बसलेल्या आजीबाई.

"कब से?"

"सुबह से. एक घंटा और देखेगा. फिर आग में डालेगा."

"आग में?"

"हां. बडा मॅडम अपने हाथ से."

झहूर पाठमोरा झाला आणि वसाहतीमागच्या नोकरांच्या क्वार्टर्सकडे धावला. तेथे अब्बास ड्रायव्हर राहत असे. तो आठवड्यापूर्वीच दुसऱ्या एका बंगलीवर नोकरीस आला होता.

"अब्बासभाई, आमचे बाबा गेले!"

"इन्ना लिल्लाह! मयत कवा उचलणार?"

"उचलतायत कसली! जाळणार हायत."

"आरं, हे तर पुरतात ना?"

"हे येगल्या मुलखाचे. कोनाला ठावं काय रीत हाय ती! म्हातारी सोताच्या हातानं आग देनार बोलते."

अब्बासची बायको फखरुन्निसा हे सारे ऐकत होती. ती पदर खोचून उठली. "रडत काय बसलाव दोघं? मयतीच्या घरात चूल पेटत नाय. म्या डाळभात टाकते. तुमी चार मानसां जमवा, आनि तोंडां मिटून बसा तितं."

झहूर साहेबांना, म्हणजे आजींच्या मुलास, निरोप देण्यास सायकलवरून कचेरीकडे निघाला. इकडे बंगलीसमोरच्या वाळूत हळूहळू दहा-बारा माणसे जमली. पांढऱ्या टोप्या, काढून ठेवलेल्या चपला, खाली घातलेल्या माना. दूर क्षितिजावर तेलविहिरीची ज्योत मंद हलत होती. वाऱ्याने खिडकीचा पडदा श्वासासारखा आत-बाहेर होत होता. आजीबाईंनी तो बाजूला करून पाहिले व त्यांचे मन भरून आले.

"ओल्हा, बघ," त्या कुजबुजल्या. "झहूरने सगळ्यांना सांगितलं. आपल्या बाबासाठी परकी माणसं श्वास धरून बसली आहेत! आमच्या गावातसुद्धा असं कोणी बसलं नाही."

त्या स्तब्धतेत त्यांना आईचे स्वयंपाकघर दिसू लागले. खिडकीबाहेर वितळणारे बर्फ, आणि पिठाचा तो आंबूस, उबदार वास. त्याच धुंदीत त्यांनी रजई दूर केली. बाबा उठला होता! भांड्याच्या काठावर हातभर डोके काढून उभा होता. आजींनी त्यास ओव्हनमध्ये ठेवले.

मागल्या दाराने फखरुन्निसा डाळभाताचे पातेले घेऊन आली. "मयत कुटं हाय?" तिने हळूच विचारले. ओल्हास एकही शब्द कळला नाही; तिने हसून ओव्हनकडे बोट दाखविले. "बाबा अंदर."

फखरुन्निसाने भिंत धरली.

आणि नेमके याच वेळी आजोबा दानिलो भुकेने व्याकूळ होऊन परतले. आपल्या दारी माणसे मुकाट बसलेली पाहून ते थबकले. अब्बासने त्यांना पूर्वी कधी पाहिले नव्हते, आणि बाकीच्यांच्या माना खाली होत्या. कोणी आप्त आला असे समजून त्याने त्यांना छातीशी धरले.

"सबर करो, चाचा."

आजोबांनी हातानेच विचारले, कोण?

"बाबा," अब्बासने आकाशाकडे बोट केले.

आता, युक्रेनी भाषेत 'बाबा' म्हणजे म्हातारी, आजी. दानिलो आपल्या पत्नीस नातवंडे झाल्यापासून याच नावाने हाक मारीत आले होते. त्यांचे गुडघे वाळूत टेकले, आणि त्यांनी असा काही हंबरडा फोडला की कुंपणावरील चिमण्या उडून गेल्या. त्याच क्षणी, साहेब कचेरीत न भेटल्याने परतलेला झहूर फाटकाशी पोहोचला. मयत झालेला मनुष्य स्वतःच्याच दारात रडत आहे, हे पाहून "या अल्ला!" अशी आरोळी ठोकत तो सायकलसकट आडवा झाला.

पिठाने माखलेल्या हातांनी आजीबाई बाहेर धावल्या. "हळू! बाबा बसेल!"

दानिलोंनी वर पाहिले. मग तर ते अधिकच मोठ्याने रडू लागले.

बाबा बसला. ओव्हन उघडले तेव्हा त्याच्या माथ्यावर वाडग्याएवढा खड्डा पडला होता. ओल्हाने तोंडावर हात घेतला. झहूर तर कोपऱ्यात उभा राहून स्वतःच्या मुस्कटात मारून घेत होता. आजीबाईंनी त्या खड्ड्याकडे पाहिले. मग त्यांनी नवऱ्याच्या ओल्या मिशांकडे पाहिले.

"एवढा रडलास?"

"तू नव्हतीस ना," आजोबा म्हणाले.

आजींनी लाल अंडी आणली आणि त्या खड्ड्यात एकेक करून बसवली, घरट्यात बसवावी तशी. मग साऱ्यांनी फखरुन्निसाचा डाळभात खाल्ला. त्यात मांस नव्हते, म्हणून सणापूर्वीचा उपासही मोडला नाही.

दुसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे बाबाला आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेले. तेथे त्यांच्या भाषेची आणखी दोन कुटुंबे होती. ती त्या घरट्याकडे टक लावून पाहू लागली. "तुमच्या गावची पद्धत का हो?" एका बाईंनी आदराने विचारले. आजींनी क्षणभर विचार केला. "पूर्वापार," त्या म्हणाल्या.

पुढल्या वर्षी ओल्हाने एकटीने पीठ भिजवले. आजी खुर्चीत बसून केवळ पाहत होत्या. बाबा उठला, भाजला, आणि मिनारासारखा ताठ बाहेर आला. कोठे तडा नाही, कोठे खळगा नाही. परंतु ओल्हाचा चेहरा उतरला. चर्चमधील साऱ्या बायका आता घरटे पाहावयास येणार होत्या, आणि अंडी ठेवावयास जागाच नव्हती!

"दुसरं पीठ तयार आहे, तेही लाव," आजींनी धीर दिला. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "दानिलो, पायरीवर बस. पाव अर्धा भाजला की रड."

आजोबा आज्ञाधारकपणे पायरीवर बसले. त्यांनी डोळे मिटले, ओठ वाकडे केले, दोनदा खाकरले. झहूरने मदत म्हणून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सबर करो, बाबा." पण काही केल्या रडू येईना. अखेर त्यांनी वैतागून आजींकडे बोट केले.

"ही समोर बसलेली असताना," ते म्हणाले, "मला रडू यावं तरी कसं?"