पाडव्याला भाकरी

पाडव्याच्या सकाळी शेजारच्या ईश्वरच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज आला आणि रंभाबाईंचं लाटणं थांबलं. भवानी पेठेत सणाला कढई चढत नाही ती फक्त सुतकाच्या घरी. तेलाची टंचाई म्हणावी, तर परवाच ईश्वरची बायको शालन रेशनच्या रांगेतून भरली बरणी घेऊन आली होती. शिवाय ईश्वरची दाढी वाढलेली.

कोणीतरी गेलंय आणि ही माणसं लपवतायत.

रविवारी रंभाबाईंच्या लेकीचा साखरपुडा होता. दीडशे पानांच्या पुऱ्या लाटायला शालननं शब्द दिला होता. सुतकातला हात कणकेला लागल्याचं व्याह्यांना कळलं, तर सोयरीकच मोडायची.

रंभाबाईंना ठाऊक नव्हतं ते एवढंच: डॉक्टरनं ईश्वरचं तळलेलं बंद केलं होतं. पैजेवर चाळीस पुऱ्या उडवणारा गडी भाकरीवर आला, हे गिरणीतल्या जोडीदारांना कळू नये म्हणून त्यानं शालनला गप्प बसवलं होतं. दाढी डॉक्टरवरच्या रागानं सोडली होती.

रंभाबाई ताटात दहा टम्म पुऱ्या घेऊन निघाल्या. सुतक असलं तर शिवणार नाहीत.

"घे गं, सणाचं."

"नको मावशी. आमच्यात सध्या चालत न्हाय."

"कवापासनं?"

"पंधरा दिस झालं."

"कोण गेलंय, शालन?"

शालन गोंधळून आत बघू लागली. वासामागोमाग ईश्वर बाहेर आला. त्याची नजर ताटावर होती.

"आत्या गेली, मावशी. श्रीपूरची."

"आन् तेरावा?"

"झाला की."

यात खोटं काही नव्हतं. दोन्ही सहा वर्षांपूर्वी झालं होतं.

"मग कढई का न्हाय चढवली?"

"तळलेलं घिऊन तोंड गोड करायला कुणी आलंच न्हाय. आपणहून कशी चढवायची?"

रंभाबाई ओशाळल्या. ते काम शेजाऱ्यांचं. त्यांनी ताट पुढं केलं.

"आवो, डाक्टर..." शालन म्हणाली.

"आत्याचं नाव निघालं की हिला काय सुचत न्हाय," म्हणत ईश्वरनं पहिली पुरी फोडली. आतली वाफ त्यानं डोळे मिटून घेतली.

दहावी पुरी संपेपर्यंत रंभाबाईंचा जीव भांड्यात पडला होता. "मग रविवारी शालन येतीय न्हवं?"

"येतीय की." ईश्वरनं रिकाम्या ताटाकडं पाहिलं. "मामाचं तेवढं लई सिरीयस हाय."

रंभाबाईंनी ताट उचललं आणि आवाज खाली आणला.

"रविवारपतूर काढतील न्हवं?"