न बिघडणारा कम्प्युटर

कुलरवर वाळणारा पंचा. दोघांपुरतं भाजलेलं वांगं. ‘पासवर्ड कोणालाही सांगू नये’ अशी भिंतीवर चिठ्ठी, तिच्याखाली पासवर्ड. फोनवरचे कॉल : अनुप, अनुप, गॅसवाला, अनुप.

अकोल्याच्या जुन्या शहरात देवमन एकटे राहत. त्यांचा कम्प्युटर सारखा बसायचा. तो उठवायला अमरावतीहून भाचा अनुप यायचा आणि जेवून संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. शेवटी त्यानं विंडोज काढून लिनक्स या दुसऱ्या प्रणालीचं एक नवं वाण टाकलं. याच्या मूळ फायलींना कोणाचा हातच लागत नाही. अपडेट फसलं, तरी आधीची व्यवस्था जशीच्या तशी उभी राहते.

“आता बिघडतच नाही, मामा!”

देवमनचा जन्म एसटीच्या वर्कशॉपात गेला होता. धावत्या गाडीकडे कोणी फिरकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

महिनाभर कोणी आलं नाही. मग त्यांनी अपडेट चालू असताना वायर उपटली. मशीन आधीसारखंच उठलं. पुन्हा उपटली. पुन्हा उठलं. त्यांनी फोन लावला.

“अनुप, मले हे वापराले जमून नाही राहिलं.”

अनुप आला, दुसरं वाण टाकून, भरीत चापून गेला. देवमनना रस्ता सापडला.

पुढच्या रविवारी त्यांनी नवा मुद्दा काढला. “याच्यात खासगीपणाचं कसं?”

“इथली गोष्ट बाहेर कोणालेच समजत नाही, मामा.”

“कोणालेच? मंग मी घरात मेलो त समजन कोणाले?”

अनुपनं तिसरं टाकलं. त्याच्या पुढच्या रविवारी सुरक्षेची पाळी आली.

“याच्यात कोणीच घुसू शकत नाही.”

“घरातबी कोणी घुसत नाही, बापू. तेवढ्यासाठी कम्प्युटर कायले?”

चौथं वाणही झालं. तक्रारी संपल्या.

“खरं सांगा मामा, कोणतं बरं होतं?”

“पयलंच,” देवमन म्हणाले, आणि जीभ चावली.

अनुपनं पहिलं टाकलं, बॅग उचलली. “आता हे वर्षभर पाहाले नको.”

त्यानंतरचा रविवार कोणी न येताच गेला. पुढच्या रविवारी देवमन आंघोळही न करता बसून होते. कडी वाजली.

“एक सेटिंग राहिली होती,” अनुप चपला काढत म्हणाला.

“कोणती?”

“जेवल्यावर सांगतो.”

अमरावतीत बसूनच हा कम्प्युटर दुरुस्त करायची सोय अनुपनं पहिल्याच दिवशी करून ठेवली होती.