नियमाप्रमाणे झोका

मेक्सिकोतल्या युकातान प्रांतातल्या एका खेड्यात फेलिसियाना चाब्ले या आजीच्या घरी तिची नात लेदी झोळीत झोपते, ही गंभीर बाब बालकल्याण कार्यालयाच्या निदर्शनास आली. लेदीची आई दारूच्या नादी लागली, तेव्हा कार्यालयानेच पोर आजीच्या पदरात घातली होती. आता नातेवाइकांना पाठबळ देण्याची योजना निघाली. पाठबळ द्यायचं म्हणजे आधी तपासणी आली.

तपासणीला आलेल्या पेनिचेसाहेबांनी वाशांना टांगलेल्या दोन झोळ्या पाहिल्या.

“पलंग कुठाय?”

“आमच्याकडं सगळे झोळीतच झोपतात की. तुम्ही लहानपणी कशात झोपलात, साहेब?”

“झोळीतच,” साहेब खाकरले. “पण तेव्हा मला योजना लागू नव्हती.”

आजीने शेजारणीचा पलंग मागून आणला. एका खोलीच्या घरात तो मावला, पण आजीची झोळी मावेना. ती अंगणात चिंचेखाली झोपू लागली. साहेबांनी शेरा मारला : बालक रात्री एकटे असते. आजीने झोळी पलंगाच्या वर टांगली. शेरा आला : बालकाच्या डोक्यावर आजी लोंबकळते. मग कार्यालयाने लेदीला सुरक्षिततेसाठी शहरातल्या बालगृहात हलवलं.

आजी मिळेल त्या गाडीने तिथे पोचली. बालगृहाचे पलंग मंजुरीत अडकले होते, म्हणून मुलं ओळीने झोळ्यांत झोपत होती. व्यवस्थापिका नेल्मीबाई डोक्याला हात लावून बसल्या होत्या.

“रात्री झोका द्यायला माणूस मिळत नाही हो! तुम्हाला जमेल, आजी?”

“न जमायला काय झालं? माझ्या लेदीची झोळी कुठली?”

“तेवढी सोडून. नात्यातलं मूल नात्यातल्या बाईला देत नाही आम्ही. पक्षपात होतो.”

निदान पोर डोळ्यांसमोर राहील, म्हणून आजीने नोकरी धरली. पाठबळ मिळालं नव्हतं, पगार मात्र लगेच सुरू झाला. ती सगळ्या रांगेला झोका देते आणि लेदीपाशी आली की हात मागे घेते.

“आजी, मलाच का नाही गं?”

“तू माझी आहेस ना, म्हणून.”

लेदीला झोका सोकोर्रो देते, तीही अशीच नोकरीला लागलेली एक आजी. तिचा नातू आजीच्या वाटणीला आलाय.

परवा बालगृह बघायला भली माणसं आली होती. एका बाईंना भरून आलं.

“परक्या पोरांना इतका जीव लावता! देवमाणूस आहात हो.”

“घरी नातीला सांभाळायचे, तेव्हा नाही कुणी असं म्हणालं.”

“अहो, ती तर तुमचीच नात. त्यात विशेष ते काय?”

हे त्या इतक्या प्रेमाने म्हणाल्या, की तिथे असतो तर आपणही मान डोलावली असती.