पगाऱ्यांची पट्टी

कुणाच्याही लग्नाला गेले की पगारे नवरानवरीच्या आधी मांडवाच्या दोराला भेटायचे. दोराला टिचकी मारायचे, कान लावायचे आणि मान हलवून मोठ्यानं म्हणायचे, "पोट सुटलंय." मंडळी दोराऐवजी माझ्याकडं बघायची, कारण शेजारी मी उभा असायचो.

ऐंशी साल उजाडायच्या आसपासची गोष्ट. नाशिकला आमच्या कॉलनीत पगाऱ्यांची आणि आमची भिंत एकच. मी शाळामास्तर, ते ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. विमानं ते तिकडंच सोडून यायचे. घरी त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता: दोन झाडांमध्ये दोर बांधून त्यावर ताडपत्री टाकली, तर दोर ढिला पडता कामा नये. त्यासाठी भंगारातून पितळेचे तुकडे आणायचे, कानशीनं घासायचे, भोकं पाडायचे आणि बोटभर लांबीची पट्टी करायचे. दोर भोकांतून ओवून टोक ओढलं की ताण बसणार, गाठ मारायला नको.

दर रविवारी नव्या पट्टीची परीक्षा, आणि परीक्षेला मी. "उजवा हात खिशात, गुरुजी. डाव्यानं ओढा." मी ओढायचो. मग मला ताडपत्रीखाली बसवून ते वरून बादलीभर पाणी ओतत. पाणी बाजूनं घरंगळलं तर पट्टी पास. सात रविवार ते माझ्या डोक्यावरच पडलं. एकदा दोराचं एक टोक मी मोठ्या हुशारीनं शेवग्याला बांधलं. ओढल्याबरोबर शेवगा कडाडून माझ्यावर आला, आणि पंधरा दिवस घरी शेंगांची आमटी झाली.

"रविवारची आंघोळ तिकडंच उरकता ते बरंय," बायको म्हणाली. "साबण देऊ का बरोबर?"

शाळेत मात्र मी सांगत होतो की एका संशोधनात माझा सल्ला घेतात. एवढ्या कॉलनीतून पगाऱ्यांनी मलाच निवडलं, याचा संबंध मी माझ्या बुद्धीशी लावला होता. आठव्या रविवारी शिंका देत मी विचारलंच, "मीच का हो?"

"तुमच्याइतका अडाणी हात कॉलनीत नाय, गुरुजी," ते अगदी आदरानं म्हणाले. "तुम्हाला डाव्यानं जमलं, तर हिला जमंल."

पगाऱ्यांच्या बायकोच्या, म्हणजे शांतावहिनींच्या, अंगावरून वारं गेल्याला दोन वर्षं झाली होती. उजवा हात गेला तो गेलाच. त्याआधी दर हिवाळ्यात दोघं चांदवडच्या डोंगरात ताडपत्री टाकून दोन दिवस राहून यायची. दोर बांधायचा वहिनींनी, चूल पगाऱ्यांकडं. आता वहिनी म्हणत, "नुसती गाठोड्यासारखी येऊन बसू? मी नाय यायची." आणि त्यांच्याशिवाय पगारे जायला तयार नव्हते.

त्यानंतर मी तक्रार केली नाही. मनापासून अडाणीपणा केला. तो मला जमतोच. दहाव्या पट्टीला त्यांनी आतून दाते पाडले. मी डाव्यानं ओढली, ती घट्ट बसली. बादली ओतली, तरी मी कोरडा.

पगाऱ्यांनी वहिनींना हाताला धरून बाहेर आणलं, दोर सैल केला आणि टोक त्यांच्या डाव्या हातात दिलं. पहिल्यांदा ते निसटलं. पगारे पुढं झाले.

"हात नका लावू," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्यांदाही निसटलं. तिसऱ्यांदा वहिनींनी टोक मनगटाला गुंडाळलं, अंगाचा भार मागं टाकला, आणि दोर सरळ झाला.

मग वहिनी म्हणाल्या, "डोंगरात थंडी असंल. माझी शाल काढून ठेवा पेटीतून."

पगारे घाईघाईनं आत गेले ते लवकर येईनात. मी मदतीला निघालो, तर वहिनींनी थांबवलं. "जाऊ नका, गुरुजी. रडत असतील. आता बाहेर येऊन म्हणतील, शाल सापडत नव्हती."

थोड्या वेळानं पगारे शाल घेऊन आले. "पार तळाशी गेली होती," म्हणाले.

"हो का," वहिनी म्हणाल्या, आणि भर उन्हात त्यांनी खांदा पुढं केला.