हसनची गाडी नक्की कुठे होती

आपण कुठे आहोत हे माणसाला स्वतःला कळते, हा फार जुना गैरसमज आहे. याबाबतचे अंतिम मत उपग्रहाचे असते.

राहनाळच्या केसरीनाथशेठांनी हे तत्त्व २००६ साली, पंचक्रोशीत सर्वांआधी मान्य केले आणि आपल्या सगळ्या ट्रकांना आणि स्वतःच्या जीपलाही जीपीएस बसवले. त्यापूर्वी शेठ ड्रायव्हरला फोन करून विचारीत, "कुठं हायस?" आणि प्रत्येक जण सांगे, "कशेळीच्या पुलावर, ट्रॅफिकमध्ये." या उत्तरांची बेरीज केली, तर शेठांच्या सगळ्या गाड्या बाराही महिने त्या पुलावरच उभ्या होत्या आणि माल मात्र आपोआप पोचत होता. (पुलाने हे वजन निमूटपणे सोसले, याचे श्रेय त्याला कोणी दिले नाही.)

यंत्र आल्यावर ऑफिसात मॉनिटर आला, मॉनिटरवर नकाशा आणि नकाशावर लाल ठिपके. शेठ मॉनिटरला रोज उदबत्ती ओवाळीत. त्यासमोर त्यांचा पुतण्या कुणाल बसे. ठिपक्यांवर विश्वास ठेवणे हे त्याचे काम होते आणि ते तो मन लावून करी.

आता थोडा भूगोल. शेठांच्या गोडाऊनला लागून, एकाच भिंतीपलीकडे, त्यांचे चुलतभाऊ हिरामण यांचे गोडाऊन आहे. दोघांत बोलणे नाही. (भिंत कोणाच्या जागेत आहे या विषयावर तेवढे दोघे वकिलांमार्फत नियमित बोलतात.)

डिसेंबरातल्या एका दुपारी शेठांचा सर्वांत जुना ड्रायव्हर हसन भरलेली गाडी घेऊन आला, त्याने ती शेठांच्या गेटाशी लावली आणि खाली करायला नंबर लागेपर्यंत केबिनमध्येच बसून राहिला. मॉनिटरवर मात्र त्याचा ठिपका हळूच सरकला, भिंत ओलांडून गेला आणि हिरामणच्या गोडाऊनात जाऊन स्थिरावला. शेठांनी हसनला आत बोलावले.

"माल हिरामणकडं उतरवतोस काय रं?"

"काय बोलता शेठ! गाडी समोर हाय. जरा खिडकीतून बघा ना!"

"खिडकीतून बघायचं होतं तर मशीन कशाला घेतली असती?"

या युक्तिवादात खोट काढणे अवघड आहे.

रीतसर चौकशी समिती नेमली गेली. तीत शेठ, कुणाल आणि मॉनिटर असे तीन सदस्य होते. मॉनिटर हाच एकमेव प्रत्यक्षदर्शी साक्षीदार असल्याने त्याच्या मताला साहजिकच जास्त वजन होते. माल तपासला. एकही गठ्ठा कमी नव्हता. हसन किती सफाईने काम करतो, याचाच तो पुरावा मानला गेला. त्याची ड्युटी बंद झाली. शेठांची पहिली गाडी ज्याने शोरूममधून चालवत आणली, त्याला घरी बायकोला, जोहराला, हे सांगताना रडू आले.

दुसऱ्या दिवशी शेठ आपल्याच गेटात, आपल्याच जीपमध्ये बसले असताना कुणालचा फोन आला. "काका, तुम्ही हिरामणकाकांकडे काय करताय?"

शेठ ताबडतोब खाली उतरले आणि आपण कुठे आहोत याची त्यांनी दोन हमालांकडून खात्री करून घेतली. मग यंत्राच्या कंपनीला फोन गेला. तिथल्या इंजिनिअर करिष्माबाईंनी खुलासा केला. सूर्यावर वादळ झाले आहे. त्याने आपल्या डोक्यावरच्या हवेचा वरचा, विजेने भारलेला थर ढवळून निघतो. उपग्रहाचा संदेश त्यातून येताना रेंगाळतो आणि यंत्र गाडीची जागा पन्नासेक मीटर इकडेतिकडे दाखवते. एकदोन दिवसांत सगळे ठीक होईल.

"म्हंजे मशीन चांगली हाय?" शेठांनी विचारले.

"मशीन उत्तम आहे, सर."

शेठांना हायसे वाटले. सूर्याला त्यांनी मोठ्या मनाने माफ केले, एवढेच नव्हे तर सकाळी अर्घ्यही दिले. ड्रायव्हरांनीही विज्ञानाचे स्वागत केले. पुलाची जागा आता सूर्याने घेतली आणि लख्ख उन्हात फोन येऊ लागले, "शेठ, वादळात अडकलोय." शेठ त्यांना जपून यायला सांगू लागले.

ही सारी क्षमाशीलता ऐकून हसनही आला. "शेठ, मग मी उद्यापासून येऊ ना? मशीन चुकली, हे आता सगळ्यांना समजलंय."

शेठांनी बराच वेळ विचार केला. ते अन्यायी गृहस्थ नाहीत. "मशीन चुकली, हे कळलं," ते म्हणाले. "पण तू गेला नव्हतास, ह्ये कुठं कळलं?"

हसन अजून घरी आहे.

वाचकहो, तुम्ही शेठांना हसलात, ते योग्यच झाले. तुमची गोष्ट वेगळी. गाडी गेटाशीच होती, हे तुम्हाला मी स्वतः सांगितले. माल पुरता भरला, हे सांगितले. चूक सूर्याची होती, हे तर कंपनीनेच सांगितले. आणि तरी, खरे सांगा, एवढे सगळे वाचून झाल्यावर क्षणभर तुमच्याही मनात येऊन गेलेच ना, की हा हसन जरासा गेलाही असेल?