घड्याळ बसतं ती खुर्ची

आमच्या माडीवरच्या भाडेकरूकडे घड्याळ खुर्चीवर बसायचं आणि पाहुणे सतरंजीवर. थट्टा नाही करत. चांगलं जेवायच्या ताटाएवढं, भिंतीला लावायचं घड्याळ आहे. पण ते भिंतीवर नसायचं. घरात खुर्ची एकच, लाकडी, हातांची, आणि तिच्यावर हे महाराज पाठ टेकून टिकटिक करत बसलेले. मी पहिल्यांदा वर गेले तेव्हा जिना चढून गुडघे बोलायला लागले होते, म्हणून सवयीनं त्या खुर्चीकडे वळले. तर पोरगं एवढ्यानं ओरडलं, "काकू, थांबा! तिथं टाईम बसलाय!"

हा आमचा वैभव. गाव वडूजकडचं, वडील मिलिटरीतून रिटायर होऊन गावाकडं भावाजवळ राहतात. हा कराडात एका कॉलेजात शिकवतो. आम्ही मलकापुरात, हायवेच्या अलीकडे. आमचे हे एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर वरचा मजला चढवला आणि भाड्यानं दिला. आता जगातल्या सगळ्या मालकिणी भाडेकरूला पहिल्याच दिवशी काय बजावतात? भिंतीला खिळा मारायचा नाही. आणि मी? मी या पोराच्या चार वर्षं हातापाया पडत होते, बाबा रे, एक तरी खिळा मार.

"भिंत माझी, खिळा माझा, हातोडी काकांची. तुझं नुसतं घड्याळ. मार की रं!"

"नको काकू. खूण ऱ्हाती."

हे त्याचं एक पालुपद. दुसरं म्हणजे, "उचलता आलं पाहिजे, काकू." कुठलीही वस्तू घ्यायची तर तो आधी ती दुकानातच उचलून बघतो. एकट्याला उचलली तर घ्यायची, नाहीतर नमस्कार. कपाट घ्यायला गेला तेव्हा हे सोबत होते. यानं भर दुकानात कपाटाला मिठी मारली आणि लागला उचलायला. दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक कपाट घेऊन पळतंय. तो मधे पडला, कपाट दोघांच्या मधे डुगडुगलं, आणि शेवटी हा घेऊन काय आला तर कापडाचं, चेनचं, घडी होणारं कपाट. तुळस लावलीय तीसुद्धा रंगाच्या रिकाम्या डब्यात, कारण डब्याला कडी असते. हे त्याला म्हणाले, "गड्या, उद्या बायको बी उचलूनच बघणार हायेस का रं?" तर कानापर्यंत लाल झाला आणि दोन दिवस यांच्यासमोर आला नाही.

एकदा आम्ही दोघांनी संगनमत केलं. तो कॉलेजला गेल्यावर यांनी वर जाऊन खिळा ठोकला आणि घड्याळ लावून टाकलं. म्हटलं, आता बघू काय करतो. संध्याकाळी आला, घड्याळ उतरवलं, खुर्चीवर बसवलं. खिळ्याला एक शब्द बोलला नाही. पण रात्रभर त्याला झोप नसावी, कारण सकाळी खिळा माझ्या हातात आणून दिला. मी वर जाऊन बघते तर भिंतीवर कुठं काही नाही. टूथपेस्टनं अशी बुजवली होती जागा की बोट फिरवून सापडेना. मी म्हणलं, "अरे, ही सफाई गवंड्याला जमायची न्हाई. कुणी शिकवलं तुला?"

"आईनं," म्हणाला आणि खाली चपला शोधायला लागला. त्याची आई लवकर गेली एवढं ठाऊक होतं, म्हणून मी पुढं विचारलं नाही.

त्याची नोकरी दर वर्षी नवी. कॉलेज जूनमध्ये ऑर्डर देतं, ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंतच. मग मे महिना लागला की वरून वडिलांची मिलिटरीची ट्रंक सरकल्याचा आवाज येतो. कपडे आत, भांडी आत, तुळशीचा डबा दाराशी. ऑर्डर येईपर्यंत हा दोन ताटल्या आणि एका चादरीवर राहतो. मी यांना रोज विचारते, "आली का हो त्याची?" हे म्हणतात, "अगं, मला काय कॉलेज विचारून देतंय व्हय?" पण यांचंही लक्ष जिन्याकडे असतं. मला तर जेवण जात नाही. पोर परक्याचं, पण घोर माझ्या जिवाला.

लोक तोंड वर करून बोलतात, आजकालच्या पोरांना घराची हौसच नाही, सगळा पगार मोबाईलात नि हॉटेलात घालवतात. त्यांना म्हणावं, या एकदा माझ्या माडीवर आणि बघा हॉटेल. सकाळी पोहे, रात्री सकाळचे पोहे! माझा स्वतःचा लेक पुण्यात भाड्यानंच राहतो. तो म्हणतो, "आई, कंपनी कधी घरी बसवेल याचा नेम नाही, वीस वर्षांचा हप्ता कुणाच्या जिवावर घेऊ?" आम्ही पोटाला चिमटे काढून घर बांधलं, ते खरं. पण यांची नोकरी एसटीची. खडखडत का होईना, रिटायर होईपर्यंत रोज सकाळी सुटायची.

आणि वैभवला हौस नाही असं तर मुळीच नाही. रविवार आला की तो यांना घेऊन नवीन बिल्डिंगी बघायला जातो. बाकीची माणसं नळ सोडून बघतात, ओटा बघतात. हा सरळ हॉलमधल्या मोठ्या भिंतीपुढं जाऊन उभा राहतो, तिच्यावरून तळवा फिरवतो आणि विचारतो, "हिच्यावर ऊन येतं का?" बिल्डरचा माणूस खुशीत येऊन सांगतो, "भरपूर ऊन, सर! दिवसा लाईट लावायला नको!" की याचं तोंड उतरलं. "मग न्हाई चालायचं." हे घरी येऊन कपाळाला हात लावतात. "अगं, लोक उजेड बघून घर घेत्यात. ह्यो अंधार हुडकतोय!"

एकदा बिनउन्हाची भिंत सापडली. आगाशिवच्या डोंगराच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. हा इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत गेला. तिथल्या साहेबानं एकच विचारलं, परमनंट आहात का? नाही म्हटल्यावर, झालात की या म्हणाला. परत आला तो जिन्याच्या खालच्या पायरीवरच बसला. "काकू," म्हणाला, "लय चांगली भिंत होती." मी त्याला गरम पिठलं-भाकरी वाढली. दुसरं काय देणार होते मी?

घराचं राहू द्या, पण त्यापायी लग्न अडलं. तीन ठिकाणी बोलणी झाली आणि तिन्ही ठिकाणी गाडी एकाच खड्ड्यात गेली. "मुलाची कराडात स्वतःची जागा आहे का?" वडूजकडं घर आहे, शेत आहे, तर ते त्यांना हवंच असतं, पण राहायला नको असतं. आम्ही याला म्हणायचो, खोटं नको बोलू, पण जरा गोल तरी बोल. बुकिंग केलंय म्हण. हा म्हणायचा, "केलेलं न्हाई, तर कसं म्हणू?" घ्या! असल्या माणसाला कोण मुलगी देणार?

आणि मग अश्विनीचं स्थळ आलं. पलूसकडची, कराडातच एका दवाखान्यात नर्स. मुलगी बघायचा कार्यक्रम झाला, तिथून हा आला तो जिन्यात शीळ घालत. चार वर्षांत मी त्याची शीळ ऐकली नव्हती. ती दवाखान्याजवळ दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहते, हे त्यानं मला तीनदा सांगितलं. आता रीतीप्रमाणे तिच्या वडिलांनी येऊन मुलाचं घर बघायचं तेवढं राहिलं होतं. आदल्या दिवशी हा खाली आला आणि माझ्या ओट्याला टेकून म्हणाला, "काकू, ही बी मोडली तर मी परत न्हाई बघणार." 

रविवार उजाडला. शिऱ्यात साखर घातली की नाही तेच आठवेना, म्हणून परत घातली. "माझ्या खुर्च्या वर पाठवते," म्हटलं तर हा म्हणतो, "नको. हाय तसं दाखवू." हाय तसं म्हणजे काय, तर चार उघड्या भिंती, एक सतरंजी आणि खुर्चीवर टाईम!

अश्विनीचे वडील आले, सोबत अश्विनीही. धिप्पाड माणूस, पांढरी टोपी, ऊसवाला. आले ते तडक खुर्चीकडे. वैभवनं झेप घेऊन घड्याळ उचललं आणि पाहुणे बसले. आता घड्याळ ठेवायचं कुठं? हा ते मांडीवर घेऊनच सतरंजीवर बसला, लहान पोर घेऊन बसावं तसा. आणि सगळी बोलणी त्या टिकटिकीवर झाली.

"जागा सोताची न्हाई?" पाहुण्यांनी विचारलं.

"न्हाई."

"घेणार कवा?"

आमच्या ह्यांनी खोकून बघितलं, मी डोळे मोठे केले. छे! "सांगता यायचं न्हाई," वैभव म्हणाला. "नोकरी दरसाल नवी हाय. बँक उभी करत न्हाई. घेईन, पण कवा ते खोटं कशाला सांगू?"

 पाहुणे मांडीवर हात आपटून उठले. "बरं. कळवतो मग." कळवतो म्हणजे काय ते आम्हाला तीन वेळा कळलेलं होतं. ते दाराशी जाऊन चप्पल चढवायला लागले. 

अश्विनी उठली नाही. ती भिंतींकडे बघत होती. म्हणाली, "एक कॅलेंडर सुदिक न्हाई. का?"

"खूण ऱ्हाती," वैभव म्हणाला.

"घड्याळासाठी कुणी एवढं जपत न्हाई. काय लावायचं हाय तुमाला भिंतीवर?"

चार वर्षं मी त्याला खिळा मार म्हणत होते, पण हे मला कधी सुचलं नव्हतं. वैभव घड्याळ घेऊन तसाच उठला, एका हातानं ट्रंक उघडली आणि साडीत गुंडाळलेली चौकट काढली. त्याच्या आईचा फोटो. हसरी बाई होती हो, अगदी तरुण.

"वडील बॉर्डरवर," तो म्हणाला, "आमी शाळेसाठी साताऱ्यात भाड्यानं. खोली सोडताना आई खिळ्यांच्या खुणा बुजवायची, मालकानं बोलू नये म्हणून. मी अकरावीत असताना ती गेली. हिचा फोटो लावला. मग मालकानं खोली मागितली. मी हिला खिळ्यावरनं काढलं, खूण बुजवली. दुसऱ्या खोलीत लावली, तिथनं बी काढायला लागली. दुसऱ्यांदा बुजवताना हात चालंना. वाटलं, मीच हिला उठीवतोय, चल आई, ही बी भिंत आपली न्हाई. तवा ठरवलं, आता एकदाच लावायची. सोताच्या भिंतीला."

 हे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी तर सरळ रडत होते, पाहुण्यांची लाज कुठली न् काय!

अश्विनी उठली. तिनं वैभवच्या हातातलं घड्याळ घेतलं आणि खाली भिंतीला टेकवून ठेवलं. मग फोटो घेतला, ओढणीनं काच पुसली आणि तो त्या खुर्चीवर ठेवला.

"टांगायच्या कशाला?" ती म्हणाली. "बसू द्या की आईंना. खुर्ची तर उचलता येती."

तिचे वडील एका पायात चप्पल घालून दारात उभे होते. ती काढून ते आत आले. फोटोकडे बराच वेळ बघत राहिले. खिडकीतनं ऊन खुर्चीवर येत होतं. त्यांनी वाकून दोन्ही हातांनी खुर्ची उचलली आणि सावलीला ठेवली. "उनात फोटो पांढरा पडतो," एवढंच म्हणाले. मग टोपी सारखी केली, फोटोपुढं हात जोडले.

"विहीणबाई," म्हणाले, "बसा निवांत."

आणि स्वतः सतरंजीवर मांडी घालून बसले. "आणा आता तुमचा शिरा," मला म्हणाले. तो इतका गोड झाला होता की चमचा उभा राहावा, पण त्यांनी दोनदा मागून घेतला.

लग्नाला वर्ष होत आलं. दोघं आमच्याच माडीवर आहेत. फ्लॅट अजून नाही, आणि मे महिना लागला की मला अजून जेवण जात नाही, आता तर दोघांच्या काळजीनं. ट्रंक सरकते, कपडे आत जातात, तुळस दाराशी येते. खुर्ची मात्र ते शेवटपर्यंत हलवत नाहीत. परवा शेजारच्या वहिनी माझ्याबरोबर वर आल्या. त्यांचेही गुडघे दुखतात. त्या त्या खुर्चीकडे वळल्या आणि मीच केवढ्यानं ओरडले.

"अगं बाई, थांबा! तिथं आई बसलीय!"